डॉक्टर नाही, नर्स नाही, मग हॉस्पिटलात करणार काय?

देवगड तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

"ताई, मी यंदा बी.कॉम. झाले, ६१ टक्के. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहेत, आई अंगणवाडीत मदतनीस. आम्ही ओबीसीत येतो, घरचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. गेल्या वर्षी आजीला घेऊन आधी कणकवलीला, मग गोव्यात बांबोळीला महिनाभर फिरले. तिथे फायली, बिलं, इन्शुरन्सचे कागद सांभाळणारी माणसं बघितली आणि वाटलं, हे काम मला जमेल. पुण्याच्या एका संस्थेचा हॉस्पिटल मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा कोर्स आहे, फी सात लाख, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. दुसरा एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा चाळीस हजारांत आहे. आणि कणकवलीच्या एका हॉस्पिटलात रिसेप्शनला जागा आहे, पगार कमी. बाबा म्हणतात, 'डॉक्टर नाय, नर्स नाय, मगे थंय जावन करतलस काय?' माझं इंग्रजी बेताचंच आहे. शिकून परत इकडेच येऊन काम करता येईल का? काय करू?"

बाय, तुझ्या बाबांचा प्रश्न आधी घेते, कारण तो रास्त आहे. माझ्या वडिलांनीही तोच विचारला होता. सव्वीस वर्षं मी दवाखान्यांच्या ऑफिसात काढली, आधी रत्नागिरीत, मधली काही मुंबईत आणि मग पुन्हा कोकणात. तरी आमच्या गावात अजून काही जण मला 'दवाखान्यात कायतरी असते ती' असंच म्हणतात. तेव्हा हे 'कायतरी' म्हणजे काय, ते नीट सांगते.

२०१५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. हर्णैकडचा एक खलाशी आईला घेऊन आला. छातीत दुखत होतं, अँजिओप्लास्टी लागणार होती. सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर कागद तपासले तर रेशनकार्डावर नाव 'सुलू' आणि आधारवर 'सुलोचना'. बाई एकच, पण कागदावर दोन. कॉम्प्युटरला हे समजावता येत नाही, आणि कागद जुळल्याशिवाय मंजुरीला पाठवता येत नाही. मुलगा गावी जाऊन दाखला घेऊन येतो म्हणाला असता तर दोन दिवस गेले असते. आमचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कागदांत रुग्णांना मदत करणारा, तरुण पोरगा होता. त्याने ग्रामपंचायतीत फोन लावला. ग्रामसेवकांनी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला लिहिला, त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि मूळ कागद संध्याकाळच्या एसटीने ड्रायव्हरच्या हाती दिला. रात्री मंजुरी आली. त्या खलाशाच्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाच्या खाली रुमालात बांधलेल्या आईच्या पाटल्या होत्या, सोनाराकडे ठेवायला आणलेल्या. त्या पाटल्या जशा आल्या तशाच पिशवीतून घरी गेल्या. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, त्यांचा मोठेपणा आहेच. पण पाटल्या वाचवल्या त्या पोराने. बाबांना हे सांग.

ही योजना म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पुढे केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली आणि आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. याचा तुझ्याशी संबंध असा, की योजनेत नाव घातलेल्या प्रत्येक रुग्णालयाला ही कागदपत्रं रोज, चुका न करता हाताळणारी माणसं लागतात. पूर्वमंजुरी, त्यावर आलेल्या शंकांची उत्तरं, फोटो, रिपोर्ट, डिस्चार्जनंतरचा दावा. एक रिपोर्ट राहिला की दावा अडकतो, आणि छोट्या हॉस्पिटलचे पाच-सहा दावे अडकले की कर्मचाऱ्यांचे पगार लांबतात. खासगी विम्याचं टेबल वेगळं, तिथे टीपीएशी, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेशी गाठ. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने सांगितलं, की कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा. नियम चांगला आहे. पण ते तीन तास सुरू होतात ते हॉस्पिटलने पूर्ण कागद पाठवल्यावर, आणि कागद पूर्ण करणं हे आपलं काम.

डिस्चार्जचं जरा जास्त सांगते, कारण माझा जीव त्यात अडकलेला आहे. डॉक्टर सकाळी दहाला राउंडमध्ये 'आज सोडा' म्हणतात. नातेवाईक लगेच पिशव्या भरून बसतात. मग समरी, म्हणजे आजार-उपचारांचा गोषवारा, टाइप व्हायची, मोठ्या डॉक्टरांची सही व्हायची, उरलेली औषधं फार्मसीत परत जायची, बिल निघायचं, विमा असेल तर मंजुरी यायची. कोणी पाठपुरावा केला नाही तर संध्याकाळचे सहा वाजतात. मुंबईत सहा वाजले तर माणूस टॅक्सीने घरी जातो. आपल्याकडे साडेचारची गाडी चुकली की आतल्या गावाला जायला दुसरी नाही. म्हातारं माणूस, पोटावर टाके, आणि रात्र बाकावर. मी एका हॉस्पिटलात लागले तेव्हा पहिलं काम केलं ते म्हणजे काउंटरच्या मागच्या भिंतीवर एसटीचं वेळापत्रक चिकटवलं. ज्यांची गाडी आधी त्यांची समरी आधी, हा नियम केला. आदल्या रात्रीच समरीचा कच्चा मजकूर तयार ठेवायचा, हा दुसरा. खर्च काहीच आला नाही. हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं, पण वर्गात शिकलेल्या एका गोष्टीने मदत केली: कामाचे टप्पे कागदावर मांडायचे आणि वेळ नेमका कुठे जातो ते घड्याळ लावून मोजायचं. पदवीचा उपयोग असा होतो. तो खरा आहे, म्हणून 'डिग्रीबिग्री काही नको' असं मी तुला सांगणार नाही.

आता तुझे तीन पर्याय.

ऑनलाइन डिप्लोमा सोड. चाळीस हजार ही तुझ्या घरी लहान रक्कम नाही, आणि मी माणसं निवडायला बसत होते तेव्हा नुसत्या अशा कागदावर कोणाला घेतल्याचं मला आठवत नाही.

पुण्याच्या सात लाखांबद्दल मात्र बसून बोलायला हवं. दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ११,६०० रुपये येतो. शिकत असतानाचं व्याज वेगळं, पुण्यातलं राहणं-खाणं वेगळं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागत नाही, त्यामुळे घर किंवा आंब्याची कलमं गहाण पडणार नाहीत. पण हप्ता तुझ्या पहिल्या पगारातूनच जाणार. म्हणून संस्थेला फोन करून एकच गोष्ट विचार: गेल्या बॅचमधली मुलं कोणत्या हॉस्पिटलात, कोणत्या पदावर लागली आणि हातात किती पगार आला. यादी लेखी माग. त्यातल्या दोघांशी स्वतः बोल. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे पुष्कळदा मुलाखतीला पाठवणं किंवा सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप असते. माझ्या हाताखाली आलेल्या एका मुलीला अशाच एका कोर्सनंतर, घरचा जमिनीचा तुकडा विकून, बारावी झालेल्या मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर त्याच पगारात बसावं लागलं होतं. ती हुशार होती, दोन वर्षांत वर आली. पण जमीन गेली ती गेलीच.

आणखी एक गोष्ट समजून घे. डॉक्टरांना, नर्सेसना, फार्मासिस्टना परिषदेची नोंदणी लागते. रुग्णालय प्रशासनाला अशी कोणतीही परिषद नाही, परवाना नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी आयोग आला, त्यात वैद्यकीय नोंदी आणि आरोग्य माहिती सांभाळणाऱ्यांचा गट आहे, पण प्रशासक म्हणून स्वतंत्र गट नाही. त्यामुळे कोणीही उठून 'हॉस्पिटल मॅनेजमेंट'चा फलक लावू शकतो. पदवी देणारं विद्यापीठ युजीसीच्या यादीत आहे का, एमबीए किंवा पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची मान्यता आहे का, दूरस्थ असेल तर युजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या कोर्सला परवानगी आहे का, हे त्या-त्या संकेतस्थळावर स्वतः बघ. माहितीपत्रकावरचे शिक्के बघू नकोस.

आता मला जी वाट तुझ्यासाठी सर्वांत चांगली वाटते ती सांगते. तू पत्रात ओबीसी आणि उत्पन्न सहज लिहून गेलीस. त्या दोन शब्दांत सात लाख दडलेले आहेत. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झाला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एमबीए त्यात येतं. अभिमत विद्यापीठं, खासगी विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा त्यात येत नाही. तू पत्रासोबत पाठवलेल्या माहितीपत्रकात प्रवेश संस्था स्वतः देते असं लिहिलंय, कॅपचा शब्दही नाही. म्हणजे तिथे ही सवलत मिळणार नाही.

कॅपसाठी एमबीएची सीईटी द्यावी लागते. राखीव प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के पुरतात, तुझे ६१ आहेत. पेपर कॉम्प्युटरवर, दोनशे प्रश्न, अडीच तास. त्यात ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. तुझं इंग्रजी पन्नास प्रश्नांपुरतंच आडवं येईल. बी.कॉम.ची मुलगी आहेस, गणितात आणि तर्कात भरून काढ.

मात्र कागदांची घाई आजपासून कर. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि सगळ्यांत वेळ खाणारं जात वैधता प्रमाणपत्र. ते जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळतं आणि त्याला आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे लागतात: शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा. कोकणात अर्धं घराणं मुंबईला असतं आणि कागद कुठल्यातरी चाळीतल्या ट्रंकेत. गणपतीला सगळे येतील तेव्हा विचारू, असं करू नकोस. आत्ताच काका-आत्यांना फोन लाव. चांगले गुण मिळूनही या एका कागदापायी जागा घालवलेली मुलं मी बघितली आहेत. पुण्या-मुंबईत राहण्यासाठी ओबीसी विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्यात जागा ठरावीक असतात, प्रवेश झाल्याबरोबर अर्ज कर.

तू म्हणशील, कॅपमधल्या बहुतेक कॉलेजांत तर साधं एमबीए असतं, हॉस्पिटलचं नाही. खरं आहे. तरी चालेल. ऑपरेशन्स विषय घे, म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, रोजचं कामकाज चालवण्याचं व्यवस्थापन, आणि उन्हाळी इंटर्नशिप, प्रोजेक्ट दोन्ही हॉस्पिटलात कर. आधी वर्षभर काउंटरवर बसलेली आणि नंतर ऑपरेशन्स शिकलेली मुलगी समोर आली, तर पदवीवर 'हॉस्पिटल' हा शब्द आहे की नाही हे मी बघितलंही नसतं. ज्यांना याच विषयात खोल जायचं आहे त्यांच्यासाठी देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिथला रुग्णालय प्रशासनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला. प्रवेशाची पद्धत मात्र अलीकडे बदलली, तिथली स्वतःची जुनी प्रवेश परीक्षा आता नाही. तेव्हा जुनी पुस्तकं विकत न घेता संस्थेचं संकेतस्थळ वाच. अर्ज जरूर भर. पुण्यात सिंबायोसिसचाही नावाजलेला कोर्स आहे, पण ते अभिमत विद्यापीठ, फी पूर्ण भरावी लागेल.

आणि हे सगळं होईपर्यंत काय? कणकवलीची जागा घे. पगार कमी आहे, माहीत आहे. पण ते एक वर्ष म्हणजे तुझी फुकटची शाळा समज. रिसेप्शनवर बसलीस तरी तीन महिन्यांनी बिलिंगला बसवा म्हणून माग, मग विम्याच्या टेबलावर, मग रेकॉर्ड रूममध्ये. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांत काय जातं आणि गाडी किती तासांत यायला हवी, ते सफाईच्या मावशींकडून शिक. त्यांना पुस्तकापेक्षा जास्त येतं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला कायद्याने लागणारा एफ फॉर्म कोण भरतं, नर्सिंग होमची नोंदणी कधी नूतन करायची, फायर ऑडिटचे कागद कुठे ठेवलेत, हे बघ. हॉस्पिटल एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मान्यतेची, तयारी करत असेल तर त्या कामात पुढे हो. छोट्या हॉस्पिटलांसाठीही त्यांची मानकं आहेत, आणि एकदा हे काम हाताखालून गेलं की ते कुठेही उपयोगी पडतं. वर्षाअखेर तुलाच कळेल, की हे आपल्याला झेपतं का. रडणारी, ओरडणारी माणसं रोज समोर येतात. रात्रपाळी असते. गणपतीत रजा मिळेलच असं नाही. हे सगळं बघून नको वाटलं, तर सात लाख न घालवता कळलं म्हणायचं.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. सरकारी रुग्णालयात अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, अधिष्ठाता ही पदं डॉक्टरांची असतात, एमबीएने तिथे पोचता येत नाही. आपल्यासाठी सरकारी बाजूला राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कार्यक्रम व्यवस्थापनाची, लेख्यांची पदं असतात. ती कंत्राटी, पण काम शिकण्यासारखं. तुझ्या बी.कॉम.ला लेख्यांच्या जागा जवळच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. खासगीत बिगरडॉक्टर माणूस ऑपरेशन्सचा प्रमुख होतो, पुढे अख्ख्या युनिटचाही होतो. मेडिकल कोडिंगचं विचारतात पुष्कळ जण. ते आजार-उपचारांना ठरावीक कोड देण्याचं, नवी मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतलं, स्क्रीनपुढचं काम आहे, आणि तुझ्या पत्रात मला दिसलेली मुलगी माणसांत रमणारी आहे.

इंग्रजीची भीती धरू नकोस. टीपीएला जाणारी पत्रं ठरावीक साच्याची असतात, पन्नास लिहिलीस की एक्कावन्नावं आपोआप येतं. पण मालवणीत 'आये, घाबरा नको, कागद माझ्याकडे दी' हे म्हणता येणं शिकवून येत नाही, आणि ते तुझ्याकडे आहे.

परत येता येईल का, या प्रश्नाने मला सगळ्यात बरं वाटलं. येता येईल. २०२१ पासून अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. चिपळूणजवळ डेरवणला, कुडाळजवळ पडव्याला खासगी महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत छोटी-मध्यम हॉस्पिटलं आहेत. पगार मुंबईएवढा नसेल, पण खोलीचं भाडं आणि लोकलचे धक्केही नसतील. आणि इथल्या हॉस्पिटलात इथलंच माणूस लागतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, दवाखान्यांतही शिरलं, वीज गेली, आणि कोविडचे रुग्ण दगावले. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेच्या वादळात मी ज्या हॉस्पिटलात होते तिथली वीज तीन दिवस नव्हती. जनरेटर होता, पण डिझेल दोन कॅन. पंपावर गेलो तर पंपच विजेवाचून बंद. शेवटी बंदरावर एका बोटवाल्याने आपल्या टाकीतलं डिझेल काढून दिलं, एका पैशाचीही बोली न करता. तेव्हापासून मी मे महिन्याच्या एक तारखेला डिझेलचा साठा स्वतः मोजत असे, आणि जनरेटर, ऑक्सिजन, रेकॉर्ड रूम पुराच्या रेषेच्या वर आहे का ते बघत असे. बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाला पुराची रेषा कुठे येते ते कोणाला तरी विचारावं लागतं. तुला ती लहानपणापासून ठाऊक आहे. आणि डिझेल कोणाच्या बोटीत असतं, हे तर तुझ्या बाबांनाच विचारायचं.

त्यांना एकदा जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. एखाद्या सोमवारी सकाळी ओरोसला योजनेच्या टेबलासमोरच्या बाकावर तासभर बसव, काही बोलू नकोस. परत येताना तिथेच ओरोसला जात पडताळणीच्या ऑफिसात जाऊन कोणकोणते पुरावे लागतील त्याची यादी घे. यादी घेऊनच घरी जा, आणि काही अडलं तर मला लिही.